तडा मधोमध आणि वरूनच का? स्लीपर, खडी आणि सोलापूरची काळी माती

प्रश्न सोलापुरात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये त्यांनी काँक्रीटचा स्लीपर (रुळांखाली आडवी बसते ती तुळई) रुळाच्या बैठकीच्या, म्हणजे रूळ जिथे टेकतो त्या जागेच्या, दोन्ही बाजूंना आधार देऊन वरून दाबला. तडा बैठकीच्या बरोबर खाली, खालच्या अंगाला गेला. पुस्तकातही तसंच होतं. पण मामाच्या शेताला लागून जी लाइन जाते, तिथे काढून टाकलेले चार-पाच स्लीपर त्याने पाहिले, तर तडे मधोमध आणि वरच्या अंगाला. असं का? आणि दुसरं, हिशेबात जमिनीच्या ताठरपणाचा एक आकडा धरावा लागतो, तर सोलापूरच्या काळ्या मातीला कोणता आकडा धरायचा?

मी रेल्वेच्या पर्मनंट वे, म्हणजे रूळ, स्लीपर आणि खडी सांभाळणाऱ्या खात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी ह्याच भागात. तुझे दोन्ही प्रश्न एकाच जागी येऊन मिळतात, म्हणून एकत्रच घेतो.

लॅबमधला आणि लाइनवरचा स्लीपर एकाच साच्यातून निघालेला असतो. पोटाखाली काय आहे एवढाच फरक. तो कुठे वाकणार, वर ताणला जाणार की खाली, हे खालची खडी ठरवते. आधार किती ताठर आहे ह्यापेक्षा तो नेमका कुठे आहे आणि कुठे नाही, ह्याने जास्त फरक पडतो. पुस्तकं पहिल्या गोष्टीवर पानंच्या पानं लिहितात आणि दुसरी दोन ओळींत उरकतात. लाइनवर मात्र आमचा जन्म दुसरीतच गेला.

घरात कडक भाकरी असेलच. दोन वाट्या थोड्या अंतरावर पालथ्या ठेव, त्यांवर भाकरी आडवी टाक आणि मधे बोटाने दाब. ती खालून फुटेल. आता एकच वाटी मधोमध पालथी ठेव, तिच्यावर भाकरी ठेवून दोन्ही कडा दाब. ह्या वेळी चीर वरून उघडेल. भाकरी एकाच परातीतली, पीठ तेच, आच तीच. मामाच्या शेताजवळच्या स्लीपरांना कुणीतरी मधोमध वाटी ठेवली होती.

आता आकड्यांत बघू. ब्रॉडगेजचा आपला नेहमीचा स्लीपर २७५० मिलिमीटर लांब. गेज १६७६, पण ती रुळांच्या आतल्या कडांमधली. मध्यरेषा ते मध्यरेषा अंतर १७५० च्या आसपास येतं. म्हणजे रुळाच्या बाहेर दोन्ही टोकांना ५००-५०० उरले. एका बैठकीवर ८० किलोन्यूटन भार धर. हा काही फार मोठा आकडा नाही. मालगाडीचा २२.९ टनांचा आस धरला तर एका चाकाचे साडेअकरा टनांच्या आसपास होतात. त्यातला निम्म्याहून थोडा कमी वाटा थेट खालच्या स्लीपरवर येतो, बाकीचा शेजारचे वाटून घेतात. वर चालत्या गाडीचा धक्का मिळवला की ८० सहज होतात.

पॅकिंग, म्हणजे स्लीपरखाली खडी ठोकून भरणं, अगदी नीट झालंय असं समज. प्रत्येक रुळाखाली, रुळाच्या आत ५०० आणि बाहेर ५००, असा एकेक मीटर आधार आहे आणि मधले ७५० मिलिमीटर मोकळे. बैठकीखाली वाकवणारा मोमेंट (भार गुणिले अंतर) १० किलोन्यूटन-मीटर येतो, ताण खालच्या अंगाला. मधोमध किती येतो? शून्य. कारण खालून येणारी प्रतिक्रिया बरोबर रुळाच्या रेषेतच आहे, मधल्या भागाला करायला कामच नाही.

आता तीच खडी पूर्ण २७५० मिलिमीटरवर सारखी टेकली आहे असं धर. ऐकायला ही स्थिती आदर्श वाटते, विद्यार्थी तर हीच गृहीत धरतात. बैठकीखालचा मोमेंट उतरून ७ वर येतो, पण मधोमध १५ किलोन्यूटन-मीटर उभा राहतो, आणि तोही उलटा, ताण वरच्या अंगाला. तिसरी स्थिती आणखी वाईट. टोकं पोकळ झाली आणि आधार फक्त दोन रुळांच्या मधल्या १७५० मिलिमीटरवर उरला. मग मधोमध ३५ होतात आणि बैठकीखाली शून्य. लॅबमध्ये जिथे तडा गेला, तिथे इथे स्लीपरला काहीच त्रास नाही. कागद घेऊन हे तिन्ही हिशेब स्वतः कर, दहा मिनिटांचं काम आहे. भार तोच, स्लीपर तोच, फक्त आधार सरकला आणि मधला आकडा शून्यावरून पस्तीसवर गेला.

स्लीपर बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. आपल्या मोनोब्लॉक स्लीपरचा मधला भाग वरून खोलगट केलेला दिसतो ना, तो काँक्रीट वाचवायला नव्हे. आत तीन-तीन मिलिमीटरच्या तीन तारांचा एक पीळ, असे १८ पीळ ताणून बसवलेले असतात आणि ते सरळ जातात. मधे वरची बाजू खाली उतरली की तेच पीळ तिथे तुलनेने वरच्या अंगाला येतात आणि वरच्या ताणाला तोंड देतात. कारखान्यातही स्लीपर तीन प्रकारे वाकवून तपासतात: बैठकीखाली, मधोमध वरच्या अंगाला ताण देऊन, आणि मधोमध खालच्या अंगाला ताण देऊन. तुम्ही लॅबमध्ये तीनांतली एकच केलीत. सरांना सांगून उरलेल्या दोन करून घ्या. एकीत स्लीपर उलटा ठेवून मधे दाबायचा, दुसरीत सरळ ठेवून, एवढंच.

पण मग मधोमध वाटी ठेवतं कोण? कुणीच नाही, गाडीच ठेवते. प्रत्येक चाक जाताना रुळाखालची खडी किंचित दाबली जाते, दगडांचे कोपरे झिजतात, थोडी बाजूला सरकते. मधल्या खडीवर भारच नसतो, ती आहे तिथेच राहते. लाखो चाकं गेली की रुळाखालची जागा खाली बसते आणि मधली तुलनेने उंच उरते. म्हणजे पहिल्या स्थितीत पॅक केलेला स्लीपर कुणी हात न लावता दुसरीकडे आणि मग तिसरीकडे सरकत जातो. आम्ही त्याला सेंटर बाइंडिंग म्हणायचो. गँगचा मुकादम म्हणायचा, ‘सायेब, ह्यो पोटावर आलाय.’ त्याचा शब्द जास्त नेमका आहे.

टॅम्पिंग मशीनचे दात प्रत्येक रुळाच्या आत-बाहेर घुसतात, सेकंदाला ३५ वेळा थरथरत खडी स्लीपरखाली ढकलतात आणि मधला भाग सोडून देतात, त्याचं कारण हेच. हाताने पॅकिंग व्हायचं त्या काळी नवा ट्रॅकमन उत्साहाने मधेही बीटर (खडी ठोकायचं अवजार) मारायला लागला की मुकादम खेकसायचा. त्याला मोमेंट म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण मधे ठोकलेला स्लीपर वर्षभरात डुलायला लागतो हे माहीत होतं. डुलतोच तो, रुळाखाली आधार नाही, मधे गाठ आहे, मग तराजूच्या दांडीसारखा एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. डबा हलतो तो त्याच्यामुळे.

जाता जाता एक जुनी गोष्ट. काँक्रीट येण्याआधी आपल्याकडे सीएसटी-९ नावाचे बिडाचे स्लीपर होते. प्रत्येक रुळाखाली एक स्वतंत्र बिडाची प्लेट आणि दोन्हींना जोडणारी पट्टी. मधे टेकायला काही नव्हतंच, त्यामुळे हा रोगच नव्हता. बाकी त्यांचे रोग वेगळे होते, पण ते इथे नको.

आता तुझ्या आकड्याकडे येतो. जमिनीला स्प्रिंगांची गादी समजून तिच्यावर तुळई ठेवायची, ही कल्पना विंकलरने १८६७ साली मांडली आणि झिमरमनने १८८८ साली ती रेल्वेच्या रुळाला नीट लावली. तू वापरतोयस ती सूत्रं तिथूनच आलेली. चांगली आहेत, पण त्यांतला घात बघून ठेव. जमिनीचा ताठरपणा तुळईच्या वाकण्यात चौथ्या मुळात येतो. लांबलचक रुळाचं उदाहरण घे: आधार सोळापट नरम झाला, तर रुळातला वाकवणारा मोमेंट फक्त दुप्पट होतो. पण रूळ खाली किती जातो? आठपट. म्हणजे ताठरपणाचा आकडा चुकला तर ताणाचं उत्तर थोडं चुकतं, खचण्याचं उत्तर पार चुकतं. दुर्दैवाने लाइन बिघडते ती खचण्यानेच.

स्लीपरचं काय? त्याचा वाकण्यातला ताठरपणा साधारण ६ मेगान्यूटन-चौरसमीटर धर, खालची रुंदी २५ सेंटिमीटर. आधार दर घनमीटरला २० मेगान्यूटन, म्हणजे अगदी दलदलीसारखा, धरला तर लॅम्डा (आधार स्लीपरच्या मानाने किती ताठर आहे ते सांगणारा त्या सूत्रांतला आकडा) गुणिले लांबी १.९ च्या आसपास येते. चांगल्या खडीचे १०० धरले तर २.८. हा गुणाकार पाऊण-एकाच्या आत असला तर तुळई ताठ दांड्यासारखी सबंध खाली जाते, तीनच्या वर असला तर टोकांना मधल्याची खबरच नसते. आपला स्लीपर आधार पाचपट बदलला तरी दोन्हींच्या मधेच लोंबकळतो. म्हणून नरम जमिनीत तो जवळपास सरसकट टेकतो, दाब सगळीकडे पसरतो आणि मधला वरचा ताण वाढतो. घट्ट जमिनीत दाब रुळाखाली एकवटतो. फरक पडतो, नाही असं नाही. पण वरच्या तीन स्थितींतल्या शून्य ते पस्तीसच्या उडीपुढे तो किरकोळ आहे. म्हणून म्हणतो, एक आकडा शोधण्यात महिना घालवू नकोस. २०, ५० आणि १०० असे तीन घे आणि प्रत्येकाबरोबर आधाराची जागा बदलून बघ.

सोलापूरच्या मातीला एक आकडा मिळणारच नाही, कारण ती वर्षभर एक माती नसते. तू इथलाच, तुला काय सांगायचं. एप्रिल-मेमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ढेकूळ दगडासारखं लागतं; उत्तरा-हस्ताचा पाऊस पडला की त्याच शेतात पाय घातला तर चप्पल आत राहते. खडक दक्खनचा काळा बेसॉल्ट, तो झिजून ही माती झालेली, आणि तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. मुंबईकडून येणारी लाइन सोलापूरला १८६० साली पोचली. त्या काळचे भराव जवळच्या खड्ड्यांतून उचललेल्या मातीचे. दगडाला मात्र तोटा नव्हता. बेसॉल्टची खडी सगळ्यात चांगल्या खडींपैकी एक. म्हणजे आपल्याकडे वर उत्तम खडी आणि खाली लहरी माती, असा संसार दीडशेहून जास्त वर्षं चालू आहे.

ह्या मातीची एक खोड स्लीपरच्या दृष्टीने फार वाईट आहे आणि पुस्तकात ती मला कधी सापडली नाही. भराव सगळीकडून सारखा वाळत नाही. मधला भाग खडीखाली झाकलेला, सावलीत, ओलसर. कडा उघड्या, उन्हात. त्यामुळे उन्हाळ्यात कडा आधी आकसतात, सेसवर, म्हणजे खडीच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीवर, लाइनीला समांतर लांबच लांब भेगा पडतात आणि भरावाचे खांदे खाली उतरतात. स्लीपरची टोकं खांद्यांकडे, मध मध्यावर. झाली ना तिसरी स्थिती? गाडीने जे काम वर्षभर हळूहळू केलं असतं, ते ऊन दोन महिन्यांत करून ठेवतं. तू पाहिलेली लाइन भरावावर असेल, कटिंगमध्ये (जमीन खोदून काढलेल्या वाटेत) नव्हे, असा माझा अंदाज. कटिंगमध्ये मुरूम किंवा खडक लागतो, तिथे हा प्रकार क्वचित.

एक जागा सांगतो, नाव नको. तीनेक मीटर उंच भराव, पुढे एक छोटी मोरी. पावसाळा संपता संपता तिथली लेव्हल दर पंधरा दिवसांनी जायची. पॅकिंग करायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. इंजिनात उभं राहून पाहणी केली की बरोबर त्या जागी डावीकडे झोल बसायचा. एका सकाळी मी आणि मुकादम तिथे मालगाडीची वाट बघत उभे राहिलो. गाडी येण्याआधी त्याने काठी काढली. साधी काठी, टोकाला लाकडी गोळा. स्लीपरच्या टोकावर गोळा आपटायचा आणि कान द्यायचा. नीट पॅक असलेला स्लीपर ठक्क वाजतो, भरीव; पोकळ असलेला डग्ग्यावर थाप मारावी तसा. तीन स्लीपर ठक्क, मग चार ओळीने पोकळ, मग पुन्हा ठक्क. ‘गाडी यिऊ द्या, आता थुंकतंय बघा,’ तो म्हणाला.

गाडी आली. कोळशाचे भरलेले वॅगन. पहिल्या आसाखाली ते चार स्लीपर खाली गेले आणि टोकांतून काळं पाणी पिचकारीसारखं बाहेर पडलं. दुसरा आस, पुन्हा पिचकारी. गाडी संपेपर्यंत स्लीपर वर-खाली, वर-खाली, आणि प्रत्येक वेळी थोडा चिखल वर. माझ्या पँटवर गुडघ्यापर्यंत काळे शिंतोडे. मड पंपिंग हा शब्द वाचलेला असतो, पण ते पंप का म्हणतात हे त्या दिवशी समजतं. स्लीपर दट्ट्या, खालची पोकळी सिलिंडर.

मग ब्लॉक घेऊन, म्हणजे ठरावीक वेळ गाड्या बंद ठेवून, सेसपासून आडवा चर खणला. वरची हातभर खडी ठीक होती. तिच्याखाली खडीत काळा चिखल वाळून घट्ट बसलेला, बीटर उसळायचा. आणखी खाली, जिथे फॉर्मेशनचा, म्हणजे भरावाच्या माथ्याचा, उतार लागायला हवा होता, तिथे उतार नव्हताच. खडी मातीत रुतून गेली होती, चिक्कीत शेंगदाणे बसावेत तशी, आणि रुळाखाली लांबट खळगा झाला होता. खळग्यात पाणी. आठ दिवस पाऊस नव्हता, तरी पाणी. ते जायला जागाच नव्हती. दोन्ही बाजूंना चिकणमातीच्या भिंती, आणि मोरीचं तोंड गाळाने अर्धं बुजलेलं. आम्ही दर पंधरा दिवसांनी वरून खडी भरत होतो आणि ती त्या खळग्यात उतरत होती. खळगा जेवढा खोल, तेवढं जास्त पाणी.

शेवटी पॅकिंगच्या आधी पाणी काढलं. भरावाच्या कुशीतून खळग्यापर्यंत खडीने भरलेले आडवे चर दिले, मोरी मोकळी केली, मळलेली खडी चाळून काढली आणि मग टॅम्पिंग. पुढचा पावसाळा त्या जागी कुणाला जावं लागलं नाही. नव्या लाइनींना भरावाच्या माथ्यावर आधीच ब्लँकेट घालतात, म्हणजे नीट प्रतवारी केलेल्या दाणेदार मालाचा थर, खालची माती वर येऊ नये आणि खडी खाली रुतू नये म्हणून. जुन्या भरावांना तो मुळात नव्हता. सोलापूर विभागात दुहेरीकरण झालं तेव्हा जुन्या भरावाला चिकटून नवा भराव आला. एक दीडशे वर्षं दाबलेला, दुसरा कालचा. जिथे दोन्हींचा सांधा आहे तिथे पहिली काही वर्षं क्रॉस लेव्हलवर (दोन रुळांच्या उंचीतल्या फरकावर) डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

त्या चार पोकळ स्लीपरांकडे परत. आपल्याला वाटतं पोकळ स्लीपर म्हणजे निवांत, त्याच्यावर भार नाही. तो एका अर्थी निवांत असतोही, रुळाला क्लिपांनी लटकलेला, वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास. पण त्याने टाकलेला भार शेजाऱ्यांच्या डोक्यावर जातो. त्यांच्याखालची खडी आता आणखी वेगाने बसते, ते पोकळ होतात, मग त्यांचे शेजारी. एका स्लीपरपासून सुरू झालेली जागा वर्षभरात सात-आठ स्लीपरांची होते ती अशी. शिवाय पोकळी दोन-तीन मिलिमीटरची असली तरी चाक आल्यावर स्लीपर खाली आदळतो. आदळण्याने त्याच्या पोटाचं काँक्रीट खडीच्या टोकांवर घासून निघतं. टोकांवर म्हणतो, कारण खडीचे दगड आणि काँक्रीट एकमेकांना सपाट टेकत नाहीत, थोड्याच कोपऱ्यांवर टेकतात. कोरड्या दिवसांत स्लीपरच्या कडेला पांढरट भुकटी दिसली की समज, हा आतून नाचतोय. काळ्या खडीवर ती भुकटी पिठासारखी उठून दिसते. रोज लाइन चालून तपासणाऱ्या कीमनला हे कुणी शिकवावं लागत नाही. युरोपात आता स्लीपरच्या पोटाला रबरासारखा पॅड चिकटवतात, म्हणजे खडीचे कोपरे त्यात थोडे रुततात आणि टेकण्याची जागा वाढते. कल्पना चांगली आहे. पण खाली पाणी साचलेलं असेल तर पॅड काय करणार?

पूल आणि लेव्हल क्रॉसिंगच्या तोंडाशी हेच सगळं दामदुपटीने होतं. मोहोळ ते सोलापूर ह्या टप्प्यात सीना नदी ओलांडताना विचार कर: पुलावर आधार ठाम, चार पावलं अलीकडे भराव आणि तोही अबटमेंटच्या (पुलाच्या टोकाच्या भिंतीच्या) मागे, जिथे रोलर नीट फिरत नाही. गाडी गादीवरून ओट्यावर चढल्यासारखी चढते. पहिल्या तीन-चार स्लीपरखाली पोकळी ठरलेलीच. ह्यावर उपाय अनेक लिहिलेले आहेत. माझ्या अनुभवात अबटमेंटच्या मागचा निचरा नीट असेल तर निम्मं दुखणं तिथेच संपतं.

एक गोष्ट तुझ्या प्रश्नात नव्हती, पण सोलापुरात ती टाळून चालणार नाही. उन्हाळा. हवा ४२-४३ अंशांवर गेली की रूळ त्याहून वीसेक अंश जास्त तापतो. लांब वेल्ड केलेल्या रुळाला फुलायला जागा नसते, म्हणून ताकद आत साठते: ६० किलोच्या रुळात दर अंशाला साधारण १.८ टन. डिस्ट्रेसिंगच्या तापमानापेक्षा (ज्या तापमानाला रूळ मोकळा करून ताणरहित बसवतात, त्याहून) २० अंश वर गेलं तर एका रुळात ३६ टन, दोन्हींत ७२. ही ताकद लाइनीला बाजूला उचकटू बघते. तिला धरून ठेवतं कोण? स्लीपरच्या पोटाचं खडीवरचं घर्षण, दोन स्लीपरमधली खडी आणि टोकाशी खांद्यावर टाकलेली खडी. पोकळ स्लीपरच्या पोटाला घर्षणच नाही, तीनांतला एक पहारेकरी झोपलेला. म्हणून मे महिन्यात दुपारी सगळ्यात आधी गस्त जायची ती पावसाळ्यात चिखल थुंकणाऱ्या जागांवर. आणि म्हणूनच भर उन्हात टॅम्पिंग करून खडी सैल करायची नसते, हे नव्या ज्युनिअर इंजिनिअरला मी दोन वेळा सांगायचो, एकदा तोंडी आणि एकदा वहीत सही घेऊन.

तुझ्या प्रोजेक्टसाठी आता सरळ काय ते सांगतो. स्लीपरला सगळीकडे सारखा आधार देऊन एकच मॉडेल चालवू नकोस, त्यातून तुला मामाच्या शेताजवळच्या स्लीपरांनी सोसलेला मधोमधचा पूर्ण ताण कधीच दिसणार नाही. स्लीपरचे लांबीत पाच तुकडे पाड: दोन टोकं, दोन बैठका, एक मध. प्रत्येकाला वेगळा ताठरपणा दे. आधी मध मोकळा, मग सगळं सारखं, मग टोकं पोकळ, आणि चौथं एकच टोक पोकळ. चौथ्यात स्लीपर एका अंगाला कलेल आणि तेच खरं तर जास्त वेळा दिसतं. स्प्रिंग फक्त दाब घेईल, ओढ घेणार नाही, अशी ठेव. खडी स्लीपरला खाली ओढून धरत नाही. हे विसरलास तर पोकळ जागीही तुझं मॉडेल स्लीपरला चिकटवून ठेवेल आणि उत्तर गोड येईल. पाचव्यात दोन-तीन मिलिमीटरची फट ठेव, म्हणजे भार आल्यावरच आधार मिळेल. एवढं झालं की मग तीन ताठरपणे लावून बघ, आणि मधोमधचा वरचा ताण कशाने जास्त हलतो, आकड्याने की जागेने, ते एका आलेखात काढ.

मामाच्या शेताजवळचे ते स्लीपर अजून तिथेच पडलेले असतील तर आणखी एक काम कर. ते रेल्वेच्या हद्दीत आहेत, तेव्हा सेक्शनच्या इंजिनिअरकडून आधी लेखी परवानगी काढ, सोबत त्यांचा माणूस घे आणि चालू लाइनीजवळ जाऊ नकोस. स्लीपर पालथे करून त्यांचं पोट बघ. मधोमध खडीच्या खुणा घासून गुळगुळीत झालेल्या आणि बैठकीखाली काँक्रीट जवळजवळ कोरं असेल, तर तो पोटावर बसून गेलाय. बैठकीखाली घासलेलं आणि मध कोरा असेल, तर तडा दुसऱ्या कशाने गेला, बहुधा घसरलेल्या चाकाच्या माराने किंवा उतरवताना आपटल्याने. फोटो काढताना शेजारी टेप ठेव, टोकापासूनचं अंतर वाचता आलं पाहिजे. आणि तड्याच्या दोन्ही बाजूंना खडूने रेघ मार, नाहीतर उन्हात फोटोत तडा दिसतच नाही.